हाताने की दोराने? राक्षसी लाटांवर वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात पोर्तुगालच्या नाझारे गावातल्या लाटांबद्दल लिहिलं होतं, सेबास्टियन श्टॉइटनर हा जर्मन सर्फर २०२० च्या ऑक्टोबरमध्ये तिथे २६ मीटरच्या लाटेवरून कसा उतरला ते, आणि त्यात एका ओळीत येऊन गेलं होतं की त्याला जेट स्कीने, म्हणजे पाण्यावर चालणाऱ्या स्कूटरने, ओढत नेऊन लाटेवर सोडलं होतं. सगळ्यात जास्त पत्रं त्या एका ओळीवरच आली. काही रागावलेली, काही नुसती कुतूहलाची, आणि एक-दोन तर असे प्रश्न की त्यांच्यासाठी मला पुन्हा सगळं वाचून काढावं लागलं. नागपूरहून समुद्र गाठायला कुठल्याही दिशेने रात्रभराचा प्रवास, तरी लोकांना हा विषय इतका लागला याचा मला खरंच आनंद झाला. त्यामुळे या वेळी क्रिकेटचे प्रश्न बाजूला ठेवतो आणि पूर्ण सदर लाटांना देतो.

"आम्ही चार दोस्त रोज संध्याकाळी टपरीवर बसतो, तुमचा लेख वाचला अन् तेव्हापासून आमच्यात वाद होऊन राहिला. माझं म्हणणं आहे भाऊ, की हाताने पॅडल करून लाट पकडतो तोच खरा सर्फर, मशीनने ओढत नेऊन सोडलं तर त्याच्यात त्याचं काय? दोस्त म्हणतात तू त्या लाटेसमोर नुसता उभा राहून दाखव. बरोबर कोण?"
— बीई थर्ड इयर, प्रतापनगर

भाऊ, हे भांडण हवाईत नव्वदच्या दशकापासून चालू आहे आणि भांडणारे सगळे स्वतः त्या पाण्यात उतरणारे आहेत, बाहेर बसून बोलणारे नाहीत. मला काय वाटतं ते सरळ सांगतो. जी लाट हाताने पकडता येते ती हाताने पकडण्यातच जास्त मोठेपणा आहे, इथपर्यंत तुझं पटतं. पण दोराने गेला म्हणून त्याच्यात त्याचं काहीच नाही हे अजिबात पटत नाही, आणि का ते सांगायला थोडं मागे जावं लागेल.

हवाईतल्या ओआहू बेटावरच्या वायमिया बेमध्ये ग्रेग नोल आणि त्याचे सोबती १९५७ साली उतरले, तोपर्यंत तिथली हिवाळ्यातली लाट लोक लांबूनच बघायचे. त्यानंतर पस्तीसेक वर्षं मोठ्या लाटांचं सर्फिंग म्हणजे फक्त हात. नऊ-दहा फुटांचा लांब टोकदार बोर्ड, ज्याला ते गन म्हणतात, त्याच्यावर पोटावर झोपायचं आणि खांदे निखळेपर्यंत पाणी मागे ढकलायचं. यात सगळ्यांच्या मनात एक हद्द पक्की झाली होती, की एका उंचीनंतर लाट इतकी जोरात येते की हाताने गाठणं शक्यच नाही, तिच्या नादी लागायचं नाही. मग १९९२ च्या सुमारास लेअर्ड हॅमिल्टन, बझी केर्बॉक्स आणि डॅरिक डोअर्नर या तिघांनी एक फुगवलेली रबरी मोटरबोट घेतली, तिला दोर बांधला आणि एकमेकांना बाहेरच्या रीफवरच्या, म्हणजे पाण्याखालच्या खडकांवरच्या, लाटांवर ओढत न्यायला लागले. लवकरच बोटीच्या जागी जेट स्की आली, बोर्ड आखूड झाले, पाय अडकवायला पट्टे बसले आणि माऊई बेटावरची पेआहीची लाट, जिला सगळे जॉज म्हणतात, ती खुली झाली. २००० च्या ऑगस्टमध्ये याच लेअर्डने ताहितीत टेआहुपोला जी लाट घेतली ती उंचीपेक्षा जाडीने भयानक होती, आख्खा समुद्रच रीफवर दुमडत होता म्हणा ना. तिथे हाताने जाणारा माणूस उभा राहायच्या आधीच लाटेसोबत खालच्या उथळ रीफवर आदळला असता.

आता तुझ्या बाजूचं. टो-इन, म्हणजे हे दोराने ओढत नेणं, वाढलं तसं जेट स्की ज्याच्याकडे लाट त्याची असं व्हायला लागलं. बिचारे हाताने जाणारे तासतासभर थंड पाण्यात आपल्या लाटेची वाट बघत बसलेले असायचे आणि शेजारून मशीन यायचं, आवाज, पेट्रोलचा वास, आणि लाट घेऊन कोणी दुसराच जायचा. त्यात ज्याची अशा लाटेसाठी ना तयारी ना अनुभव, असा माणूसही जवळ पैसा आहे म्हणून दोर धरून तिथे पोचायला लागला, आणि हे मला सगळ्यात धोक्याचं वाटतं, कारण हाताने जाताना समुद्र तुम्हाला बाहेर बाहेरच चाळून काढतो, ज्याच्यात दम नाही तो तिथपर्यंत पोचतच नाही. दोराने ती चाळणी गेली. कॅलिफोर्नियात मॅव्हरिक्सला तर समुद्री अभयारण्याच्या नियमांमुळे जेट स्कीवर कडक बंधनं आली. आणि वायमियाला एडी ऐकाऊच्या नावाने जी स्पर्धा होते ती आजही निव्वळ हाताची आहे. एडी तिथला लाइफगार्ड, १९७८ मध्ये होकुलेआ नावाची पारंपरिक नाव भर समुद्रात उलटली तेव्हा मदत आणायला बोर्डवरून निघाला तो परत आला नाही. २०२३ ला ही स्पर्धा जिंकणारा ल्यूक शेपर्डसनही लाइफगार्ड, आणि त्या दिवशी तो ड्युटीवर होता, ड्युटीतून ब्रेक घेऊन लाटा मारून यायचा आणि परत कामाला लागायचा.

पण तुमच्या वादात जी गोष्ट सुटून गेली ती ही. जॉजला वर्षानुवर्षं दोराने जाऊन जाऊन लोकांना ती लाट पाठ झाली, कुठे उभी राहते, कुठे दुमडते, पडलो तर कुठे वाहत जातो. आणि मग त्याच लाटेवर लोक परत हाताने जायला लागले. ब्राझीलचे डॅनिलो कौटो, युरी सोलेदादे आणि मार्सियो फ्रेरे हे तिघं सुरुवातीला तर बचावाच्या स्कीशिवाय तिथे पॅडल करायचे, त्यांना मॅड डॉग्जच म्हणायचे. २०११ पर्यंत शेन डोरियनसारखे लोक तिथे हाताने अशा लाटा पकडत होते की ज्या आधी कोणी मनातही आणल्या नसत्या, आणि २०१६ च्या जानेवारीत एरन गोल्डने जॉजला ६३ फुटांची लाट हाताने पकडली. नव्वद सालातली ती पक्की हद्द कुठच्या कुठे गेली. दोराने त्या लाटेची ओळख करून दिली नसती तर हात तिथे पोचलेच नसते असं माझं स्पष्ट मत आहे. तेव्हा टपरीवर जाऊन दोस्तांना सांग, की हाताने होतं तिथे हातानेच जावं हे खरं, पण दोरवाल्यांना नावं ठेवू नका, आजचे हातवाले त्यांच्याच खांद्यावर उभे आहेत.

"लाट इतकी जोरात येते की हाताने गाठता येत नाही, असं तुम्ही लिहिता. नेमकी किती जोरात? आणि माणूस हाताने किती जातो? आकडे द्यावेत, नुसती वर्णनं नकोत."
— निवृत्त फिजिक्स शिक्षक, अजनी

सर, देतो. दूर कुठेतरी वादळ होतं आणि तिथून निघालेल्या लाटा हजारो किलोमीटर प्रवास करून येतात, त्याला स्वेल म्हणतात. मोठ्या दिवशी दोन लाटांमधलं अंतर १८-२० सेकंदांचं असतं. खोल पाण्यात लाटेचा वेग या सेकंदांवरच ठरतो, सेकंदांना १.५६ ने गुणलं की मीटर प्रति सेकंद मिळतात, म्हणजे २० सेकंदांच्या लाटेला सुमारे ३१ मीटर, ताशी ११० किलोमीटरच्या वर. (लाटांचा आख्खा गट मात्र याच्या निम्म्या वेगाने पुढे सरकतो, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको.) पाणी उथळ झालं की गणित बदलतं, मग वेग नुसत्या खोलीवर ठरतो, खोली गुणिले गुरुत्वाचा आकडा, त्याचं वर्गमूळ. २० मीटर खोलीला १४ मीटर प्रति सेकंद, म्हणजे ताशी ५० किलोमीटर. मोठी लाट खोल पाण्यातच फुटायला लागते, म्हणून ती जितकी मोठी तितकी फुटतानाही जास्त वेगात असते. छोटी लाट गुडघाभर पाण्यात येऊन फुटते तेव्हा तिचा जीव गेलेला असतो, हिचा गेलेला नसतो.

आणि माणूस? पोटावर झोपून जीव तोडून हात मारले तरी ताशी सात-आठ किलोमीटर.

मग पन्नासला आठने कोणी कसं गाठतं? गाठत नाही. हाताने जाणारा लाटेच्या वेगाला पोचतच नसतो, तो लाट उभी होण्याच्या त्या एका क्षणावर डाव लावतो. लाटेची भिंत पुरेशी खडी झाली की बोर्ड आपल्या वजनाने खाली घसरायला लागतो आणि उरलेला वेग गुरुत्वाकर्षण देतं, हातांचं काम फक्त बोर्डाचं नाक त्या उतारावर वेळेत नेऊन ठेवायचं. लवकर निघालात तर लाट खालून निघून जाते आणि पुढची तिच्याहून मोठी असते तर तुम्ही नेमके चुकीच्या जागी असता. उशीर केलात तर भिंत उभीच झालेली असते आणि तुम्ही तिच्या डोक्यावर. लाट जितकी मोठी तितकी ती खिडकी छोटी होत जाते. त्यात अजून एक. भिंत उभी होताना समोरचं पाणी ती स्वतःत ओढून घेत असते, म्हणजे तुम्ही खाली जायला बघता आणि तुमच्या खालचं पाणी वर चाललेलं असतं. वाराही भिंतीवरून वर येतो आणि लांब गनच्या पोटाखाली शिरून तिला उचलतो. जॉजला टेकऑफचे, म्हणजे लाट पकडून उभं राहायच्या क्षणाचे, व्हिडिओ संथ करून बघा, माणूस उभा राहिला आहे, हात पसरले आहेत, आणि बोर्डाचा पाण्याशी संबंध फक्त मागच्या टोकाला उरला आहे, नाक हवेत. दीडेक सेकंद तो तसाच खाली पडत असतो. तेवढ्यात बोर्ड परत पाण्याला टेकला तर ठीक. नाही टेकला तर वरचं सगळं पाणी त्याच्या अंगावर.

दोराने हे सगळं टळतं. व्हरायटी चौकात सिग्नल सुटल्यावर निघालेल्या बसमागे पायी धावणारा आणि कोणाच्या गाडीवर मागे बसून बसच्या बरोबरीने आलेला, यांच्यात जो फरक तोच इथे आहे, दुसऱ्याला चढायची घाई करावी लागत नाही. जेट स्की सर्फरला लाट उभी व्हायच्या खूप आधी, ती नुसता पाण्याचा उंचवटा असतानाच, चाळीसच्या वर वेगाने तिच्यावर आणून सोडते. म्हणून त्याला लांब बोर्ड लागत नाही, सहा फुटांच्या आसपासचा अरुंद बोर्ड पुरतो, तोही मुद्दाम शिसं घालून जड केलेला, कारण त्या वेगात हलका बोर्ड पाण्याच्या छोट्या छोट्या खळग्यांवर उडतो. भिंतीवर एकदा घसरायला लागला की ताशी सत्तरच्या वर जातो.

नाझारेला दोरच का हेही यातूनच कळतं. तिथे किनाऱ्याला लागून समुद्राखाली दरी आहे, दोनशेच्या वर किलोमीटर लांब आणि बाहेरच्या टोकाला जवळजवळ पाच किलोमीटर खोल. दरीवरून येणारा लाटेचा भाग खोल पाण्यामुळे वेगात राहतो, शेजारच्या उथळ भागावरचा मंदावतो, त्यामुळे लाट वाकते आणि गावासमोर दोन्ही भाग एकमेकांवर येऊन उंची एकदम वाढते. वर किनाऱ्यालगतचा प्रवाह समोरून येऊन तिला अजून उभी करतो. पण याच कारणाने लाटेचं शिखर दर वेळी वेगळ्या जागी उठतं. जॉजला किंवा मॅव्हरिक्सला एक ठरलेली जागा आहे, बाजूला शांत पाण्याचा चॅनल आहे जिथून बाहेर जाता येतं. नाझारेला तसा चॅनलच नाही. लहान दिवसांत तिथेही लोक पॅडल करतात, पण राक्षसी दिवशी शिखराच्या मागे हाताने कुठे कुठे पळणार?

"मी रोज स्विमिंग करते आणि मला या खेळातलं सगळं जाणून घ्यायचं आहे. जेट स्की सोबत असली म्हणजे टो-इन सेफ असेल ना? आणि जेट स्की चालवणाऱ्याचं नाव कुठेच का येत नाही?"
— कॉलेज विद्यार्थिनी, लॉ कॉलेज चौक

तुझा दुसरा प्रश्न वाचून फार बरं वाटलं, तो कोणीच विचारत नाही. आधी पहिला.

सेफ नाही. हाताने जाणारा टेकऑफला पडायची शक्यता जास्त, हे खरं. पण दोर तुला हाताने कधीच पोचली नसतीस अशा लाटेवर नेऊन ठेवतो, आणि तिथे पडलीस तर पाणी तेवढंच जास्त. वर ज्या मार्सियो फ्रेरेचं नाव आलं, जॉजला हाताने जाणारा, तो २०२३ च्या जानेवारीत नाझारेला टो-सर्फिंग करताना गेला. दुसऱ्या बाजूने हवाईचा मार्क फू, त्या काळातला मोठं नाव असलेला सर्फर, २३ डिसेंबर १९९४ ला मॅव्हरिक्सला पॅडल करून लाटेवर गेला, पडला आणि त्यातच मेला, ती त्या दिवसाची सगळ्यात मोठी लाटसुद्धा नव्हती. कुठली पद्धत सेफ हा हिशोब मला करावासाच वाटत नाही. पडल्यावर तुझ्याकडे कोण येणार आहे हे विचारायचं, आणि हाच तुझा दुसरा प्रश्न आहे.

ड्रायव्हर काय करतो ऐक. दूरवरून येणाऱ्या उंचवट्यांच्या रांगेतून लाट तोच निवडतो, कारण सर्फर मागे दोराला धरून असतो, पाण्याच्या पातळीला, त्याला दिसतं कमी. पहिली लाट सहसा सोडतात. मग स्की लाटेच्या पाठीवरून फिरवून आणायची, सर्फर नेमका कुठल्या बाजूने उतरणार ते धरून कोन घ्यायचा, वेग असा ठेवायचा की दोर ढिला पडणार नाही आणि झटकाही बसणार नाही. सर्फरने दोर सोडला की स्वतः लाटेतून बाहेर निघायचं, कधी वरून, कधी बाजूने, आणि लगेच लाटेच्या मागे मागे यायचं. तो पडला तर पुढची लाट यायला पंधरा-वीस सेकंद. तेवढ्यात फेसात डोकं शोधायचं, जवळ जायचं, त्याने स्कीच्या मागे बांधलेली गादी पकडली की निघायचं, पकडली नाही तर त्याला सोडून निघायचं आणि पुढच्या लाटेनंतर परत यायचं, कारण ड्रायव्हरही गेला तर दोघंही गेले. आणि हे सगळं फेसात. जेट स्की पाणी ओढून मागे फेकते त्याच्यावर चालते, पण फुटलेल्या लाटेच्या फेसात निम्मी हवा असते, पंप हवा ओढतो, इंजिन नुसतं किंचाळतं आणि स्की जागेवरच. ड्रायव्हरला कुठल्या पट्ट्यात घट्ट पाणी आहे ते बघत बघत जावं लागतं, मागे वळून न बघता, कारण मागे काय येऊन राहिलं हे त्याला माहीतच असतं.

२०१३ च्या ऑक्टोबरमध्ये ब्राझीलची माया गाबेरा नाझारेला पडली, पायाचं हाड मोडलं, शुद्ध गेली. तिचा जोडीदार कार्लोस बुर्ले स्की घेऊन तिच्यापर्यंत पोचला, शेवटी तिला किनाऱ्यावर ओढून आणलं आणि तिथे वाळूवरच सीपीआर दिला म्हणून ती वाचली. पुढे पाठीच्या ऑपरेशन्समध्ये तिची वर्षं गेली. तरी ती त्याच गावी परत आली आणि २०२० च्या फेब्रुवारीत तिथेच ७३.५ फुटांची लाट घेतली, बायकांमधला विक्रम. बातमीत तिचंच नाव येणार, यायलाच पाहिजे. पण टो-इन हा दोन माणसांचा खेळ आहे, आज हा ओढतो उद्या तो ओढतो, आणि माझं तर म्हणणं आहे की विक्रमाच्या पाटीवर दोन नावं हवीत. हाताने जाणाऱ्यांनीही हे मान्य केलंय. आता मोठ्या दिवशी पॅडल करणारेही बचावाला स्की चॅनलमध्ये उभी ठेवतात, आणि अंगात फुगणारं जॅकेट घालतात, दोरी ओढली की आतली गॅसची नळी फुटून जॅकेट फुगतं आणि माणूस वर येतो. ही कल्पना शेन डोरियनची, २०१० मध्ये मॅव्हरिक्सला दोन लाटा डोक्यावरून जाईपर्यंत तो पाण्याखाली अडकला होता, त्यानंतर सुचलेली.

"दोन्ही पद्धतींचे विक्रम वेगळे धरतात का? सध्या कोणाचे आहेत?"
— मेडिकल स्टोअर चालवणारे वाचक, सदर

वेगळे धरतात काका, आणि धरायलाच पाहिजेत. दोराचा श्टॉइटनरचा ८६ फूट, म्हणजे २६.२१ मीटर, नाझारे. त्याच्या आधी तिथलेच गॅरेट मॅकनमाराचे २०११ चे ७८ आणि रॉड्रिगो कोशाचे २०१७ चे ८० फूट. हाताचा एरन गोल्डचा ६३ फूट, जॉज. बायकांमध्ये हाताने ऑस्ट्रेलियाच्या लॉरा एनेव्हरने २०२३ च्या जानेवारीत ओआहूच्या बाहेरच्या रीफवर ४३.६ फुटांची लाट घेतली. मोजणी फोटो आणि व्हिडिओवरून होते, सर्फरची उंची माहीत असते तीच पट्टी म्हणून वापरतात, लाटेचा पाया नेमका कुठून धरायचा यावर मात्र तज्ज्ञांमध्ये बरीच घासाघीस होते. आणि हवाईतले जुने लोक लाट मागून मोजतात, त्यांनी वीस फूट म्हटलं की समोरून चाळीस समजायचं.

"मी सर्फरसारखी श्वास रोखायची प्रॅक्टिस करून राहिलो आहे. आधी वीस-पंचवीस जोरजोरात श्वास घेतो अन् मग पूलच्या तळाशी बसतो. टाइम वाढवायला अजून काय करू?"
— बारावी, मानेवाडा

हे आजच्या आज बंद कर. खरंच, पुढचं वाचायच्या आधी हे डोक्यात पक्कं कर.

श्वास घ्यावासा वाटतो तो ऑक्सिजन संपला म्हणून नाही, रक्तात कार्बन डायऑक्साइड वाढला म्हणून. जोरजोरात श्वास घेऊन तू तो आधीच काढून टाकतोस, ऑक्सिजन मात्र फारसा वाढत नाही. मग पाण्याखाली धोक्याची घंटा वाजतच नाही, अगदी मस्त वाटत असतं, आणि ऑक्सिजन संपला की माणूस सरळ बेशुद्ध होतो. धडपड नाही, आवाज नाही. उन्हाळ्यात आपल्याकडच्या पूलमध्ये संध्याकाळच्या बॅचला एवढी गर्दी असते की तळाशी बसलेला पोरगा खेळून राहिला की बुडून राहिला हे कोणाच्या लक्षातही येत नाही. चांगले पोहणारेच याच्यात जातात, नवशिके तळाशी जातच नाहीत.

मोठ्या लाटांचे सर्फर हे शिकतात, पण फ्रीडायव्हिंग, म्हणजे ऑक्सिजनच्या टाकीशिवाय श्वास रोखून खोल जाणं, शिकलेल्या माणसासोबत, शेजारी नजर ठेवून असलेला जोडीदार घेऊन, आणि असे धडाधड श्वास न घेता. तुला करायचंच असेल तर घरी गादीवर पडून कर, पाण्यात एकट्याने कधीच नाही. आणि एक लक्षात घे, लाटेखाली माणूस बहुतेक वेळा अर्ध्या मिनिटापेक्षा कमीच राहतो. अवघड असतं ते नाडी धडधडत असताना, नुकतंच आदळल्यावर, वर कुठे आणि खाली कुठे कळत नसताना तेवढा वेळ शांत राहणं. त्यासाठी पूलच्या तळाशी दोन मिनिटं बसण्यापेक्षा रोज भरपूर पोहणं जास्त कामी येतं, दमल्यावर अजून दोन लॅप मारणं, आणि ते लाइफगार्डसमोर.

"माझा मुलगा चौदा वर्षांचा आहे. तुमचा लेख वाचल्यापासून त्याच्या डोक्यात एकच, मला मोठ्या लाटांचा सर्फर व्हायचंय. आपल्या नागपूरला समुद्र नाही, त्याला काय सांगू? नाही म्हणायला जीव होत नाही आणि हो म्हणायची भीती वाटते."
— एक आई, मनीषनगर

ताई, आधी त्याला हे सांगा की ज्या श्टॉइटनरच्या लेखामुळे हे सुरू झालं तोही समुद्रकाठचा नाही. तो न्युरेम्बर्गला वाढला, जर्मनीच्या पार आतलं शहर, आणि सोळाव्या वर्षी हवाईला गेला. समुद्र नसणं ही अडचण आहे, पण त्याने दार बंद होत नाही. तुमची भीती मात्र अगदी बरोबर आहे आणि ती त्याच्यापासून लपवू नका, त्याला वर लिहिलेलं सगळं वाचू द्या, फ्रेरेचं आणि मार्क फूचंसुद्धा. या खेळातले मोठे लोक आपल्या गेलेल्या दोस्तांबद्दल उघड बोलतात, ते ऐकून ज्याला भीती वाटत नाही त्याला पाण्यात सोडण्यात अर्थ नाही.

राक्षसी लाटांचा विचार आत्ता दहा वर्षं बाजूला ठेवायचा. हाताने जायचं असो की दोराने, दोन्हीच्या आधी साध्या लाटांवरची वर्षं येतात, आणि ही वर्षं तर मजेची असतात. आत्ता पोहणं. अंबाझरी-फुटाळ्यात उड्या मारणं नाही, शिकवणाऱ्याच्या हाताखाली पूलमध्ये, फ्रीस्टाइल चांगली पक्की करून घ्या, कारण पॅडलिंगला तेच खांदे लागतात. घरी पोटावर झोपून एका झटक्यात दोन्ही पायांवर उभं राहायची प्रॅक्टिस, याला पॉप-अप म्हणतात, सतरंजीवर होते. लाइफ सेव्हिंग आणि सीपीआरचा कोर्स कुठे होत असेल तर तो नक्की करू द्या, वय बसत असेल तर, तुम्हीही सोबत करा.

मग सुट्टीत एकदा समुद्र. आपल्याकडे सर्फिंग नीट शिकवतात ते कर्नाटकात मुळकीला आणि तामिळनाडूत चेन्नईजवळच्या कोवलम, महाबलीपुरमला, शिकवणारे तिथलेच कोळ्यांच्या घरचे पोरं आहेत, पाणी त्यांना घरच्यासारखं माहीत. नागपूरहून चेन्नईला थेट गाड्या आहेत त्यामुळे तेच सोपं पडेल. केरळच्या कोवलमशी गल्लत करू नका, बुकिंग करताना होते ती. पावसाळ्यात पश्चिम किनाऱ्यावर शिकायला नेऊ नका, समुद्र खवळलेला असतो आणि शिकवणारेही तेव्हा नवशिक्यांना आत सोडत नाहीत. बोर्ड विकत घेऊ नका, तिथे भाड्याने मिळतो आणि शिकणाऱ्याला मऊ फोमचाच चांगला. गेल्यावर शिकवणाऱ्याला पहिल्यांदा हे विचारा की एका वेळी किती मुलं पाण्यात घेता आणि बघायला किनाऱ्यावर कोण असतं, आणि उत्तर पटलं नाही तर पैसे सोडून द्या पण मुलाला पाण्यात उतरवू नका.